मेजर गिल आणि अजिंठ्याच्या प्रतींचे भवितव्य

जे टिकावे असे वाटते ते धातूवर उतरवावे, ही आपल्या समाजाची फार जुनी समजूत आहे. दानाचा मजकूर चंद्रसूर्य असेतोवर राहावा म्हणून राजे तो ताम्रपटावर कोरवून घेत. घराण्याच्या देवघरात कुलदैवताबरोबर पूर्वजांचेही चांदीचे टाक पुजले जातात, आणि पिढ्या बदलल्या तरी टाक बदलत नाहीत. आता छायाचित्रेही त्याच वाटेने निघाली आहेत. विशिष्ट लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगद्रव्याने छापलेला कागद ठेवून तो सुमारे दोनशे अंश सेल्सिअस उष्णतेखाली दाबला, की रंग वायुरूप होऊन लेपात मुरतात. असे चित्र ओलाव्याने फुगत नाही, त्याला काच लागत नाही, वाळवीचे भय नसते. दिवाणखान्यात, कार्यालयात, स्मारकाच्या दालनात अशी चित्रे टांगली जातात आणि आपली आठवण आता कायमची सुरक्षित झाली, असे समाधान मानले जाते.

हे समाधान कितपत खरे आहे, याचा विचार करताना खानदेशच्या मातीत विसावलेल्या एका माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या पहिल्या मोठ्या प्रतिकृती करणारा चित्रकार आणि त्या लेण्यांच्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक, म्हणून कलेतिहासात त्यांचे नाव कायम आहे. मराठी वाचकांना ते नाव अधिक परिचित आहे ते पारो या स्थानिक स्त्रीशी जोडलेल्या प्रेमकथेमुळे. ना. धों. महानोर यांचे 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि २०१२ साली आलेला त्याच नावाचा चित्रपट यांनी ती कथा घरोघर पोहोचवली. परंतु त्या कथेच्या आड एक दुसरी कथा झाकली गेली आहे. ती आहे एका माणसाच्या दोन दशकांच्या श्रमाची, त्या श्रमाच्या राखेची आणि त्यातून जे थोडे वाचले ते का वाचले याची.

शोध आणि नेमणूक

२८ एप्रिल १८१९ या तारखेसह जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले. आधुनिक जगाला लेणी 'सापडली' ती या दिवशी, असे मानण्याची प्रथा आहे. डोंगरातील गुराख्यांना ती त्याआधीही ठाऊक असणार, हे वेगळे सांगायला नको. त्या आधीच्याच वर्षी पेशवाई संपून खानदेश कंपनीच्या मुंबई इलाख्यात गेला होता. लेणी मात्र निजामाच्या मुलखात होती. हद्द कोणाचीही असो, उत्तरेकडून लेण्यांकडे जाणारी वाट खानदेशातून चढत असे आणि लेण्यांपुढून वाहणारी वाघूर नदी खानदेशात उतरून तापीला मिळत असे.

लेण्यांची कीर्ती पसरली तशी त्यांची नासधूसही सुरू झाली. येणारे प्रवासी आठवण म्हणून रंगीत गिलाव्याचे तुकडे काढून नेऊ लागले. वटवाघळे, पाझरणारे पाणी, आत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर यांची भर होतीच. जेम्स फर्ग्युसन हे नीळ व्यापारातून स्थापत्याच्या अभ्यासाकडे वळलेले गृहस्थ. त्यांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, असा आग्रह धरला. सोसायटीने तो कंपनीच्या संचालकांपुढे मांडला. संचालकांनी मान्यता दिली आणि १८४४ साली मद्रासच्या फौजेतील एका कॅप्टनची या कामावर नेमणूक झाली. तो कॅप्टन म्हणजे रॉबर्ट गिल.

गिल यांचा जन्म १८०४ चा. म्हणजे नेमणुकीच्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती. विशीत हिंदुस्थानात आलेला, पायदळात वाढलेला हा माणूस चित्रकलेत निपुण होता आणि शिकारीचा त्याला नाद होता. कंपनी सरकारच्या दृष्टीने हे एक मर्यादित काम होते. ते गिल यांच्या उरलेल्या आयुष्याला व्यापून राहील, याची कल्पना त्या वेळी कोणी केली नसेल.

अजिंठा गावातील वर्षे

लेण्यांपासून काही मैलांवर, घाटमाथ्यावर अजिंठा हे तटबंदीचे गाव आहे. तेथील बारादरी या जुन्या इमारतीत गिल यांनी बिऱ्हाड केले. तेथून घाट उतरून लेण्यांत जायचे, अंधाऱ्या दालनात उभे राहून भिंतीवरचे चित्र कापडावर उतरवायचे आणि पुन्हा वर यायचे, असा तो क्रम.

हे काम किती कठीण होते, हे अजिंठ्याला जाऊन आलेल्या कोणासही उमजेल. चित्रे सपाट चौकटीत नाहीत. जातककथेतील एक प्रसंग संपतो कुठे आणि दुसरा सुरू होतो कुठे, हे भिंतीवर आखलेले नाही. गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवा, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा आणि अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा निळा, एवढ्या मोजक्या रंगांतून सातवाहन आणि वाकाटक काळातील चित्रकारांनी माणसांच्या मुद्रा जिवंत केल्या होत्या. गिल यांच्या वेळेपर्यंत त्यांवर धुळीचा आणि धुराचा थर बसला होता. उजेड दारातून येईल तेवढाच. त्या उजेडात मूळ रंग ओळखायचा आणि भिंतीवरच्या माणसाएवढ्या आकृती मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायच्या, हे काम कित्येक वर्षे चालू राहिले. पूर्ण झालेली चित्रे टप्प्याटप्प्याने लंडनला रवाना होत. १८६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अशी सुमारे तीस मोठी चित्रे तयार झाली होती.

याच काळात पारो त्यांच्या आयुष्यात आली. अजिंठा गावात तिच्या नावाचा स्मृतिलेख आहे आणि त्यावर तिच्या मृत्यूची तारीख २३ मे १८५६ अशी आहे. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने स्थानिक स्त्रीच्या नावाने दगड कोरवून घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्या दगडाइतके ठाम दुसरे काही या संबंधाविषयी उरलेले नाही. बाकीचे लोककथेने आणि कवींनी रचलेले आहे, आणि ते तसेच वाचावे.

काचेवरचे छायाचित्र

छायाचित्रणाचा जन्म धातूवर झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नसते. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स यांनी १८२० च्या दशकात कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर खिडकीबाहेरचे दृश्य टिपले. पुढे १८३९ साली लुई डागेर यांची पद्धत जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्याला चांदीचा मुलामा द्यायचा, तो आयोडिनच्या वाफेत धरायचा, कॅमेऱ्यात उजेड दाखवायचा आणि पाऱ्याच्या वाफेने चित्र उघडे करायचे, अशी ती पद्धत. चित्र विलक्षण रेखीव येई. आरशासारख्या चकाकणाऱ्या त्या पत्र्यावर केसन्‌केस दिसे. परंतु त्यात एक मूलभूत उणीव होती. पत्रा एकच, म्हणून चित्रही एकच. तो हरवला, घासला गेला, की चित्र गेले. ताम्रपट आणि टाक यांचा जो गुण, तोच त्यांचा दोषही. ते टिकाऊ असतात, पण एकटे असतात.

ही कोंडी फुटली काचेमुळे. १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर चिकट द्रव पसरून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी चित्र उघडे करायचे. जे हाती येई ते उलट छायेचे चित्र, म्हणजे निगेटिव्ह. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हात धरली, की सुलट चित्र उमटे, आणि असे कागद हवे तितके काढता येत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतील जाणकार छायाचित्रकार होते. स्वतः भाऊ दाजींनी १८६० च्या दशकात अजिंठ्यातील शिलालेखांचे वाचन प्रसिद्ध केले. चाळीसगावजवळच्या पाटण येथील भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेखही त्यांनीच १८६५ साली विद्वानांपुढे आणला. खानदेश आणि त्याच्या सीमेवरचे डोंगर असे ज्ञानाच्या नकाशावर येत होते.

गिल यांनी १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅमेरा हाती घेतला. खानदेशच्या बाजूने तापत जाणाऱ्या त्या डोंगरात ओली काच वाळण्याआधी सगळे उरकायचे, म्हणजे अंधाऱ्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी, सारे सोबत न्यावे लागे. गिल यांचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. त्यातून शेजारी शेजारी उमटलेली दोन चित्रे स्टिरिओस्कोप नावाच्या साधनातून पाहिली, की दृश्याला खोली येते आणि आपण लेण्याच्या दारात उभे आहोत, असा भास होतो. त्यांनी अजिंठ्याबरोबर आसपासची देवळे, मशिदी आणि शिकारीतील प्राणीही टिपले. १८६४ साली लंडनमध्ये फर्ग्युसन यांच्या विवेचनासह गिल यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि निसर्ग यांची शंभर स्टिरिओ चित्रे होती, तर दुसऱ्यात लेण्यांची चौऱ्याहत्तर. त्या काळी छायाचित्र शाईने छापण्याची सोय सर्रास नव्हती. म्हणून प्रत्येक पुस्तकातील प्रत्येक चित्र उन्हात वेगळे काढून हाताने चिकटवलेले असे.

या चित्रांची मर्यादाही नीट समजून घ्यावी लागेल. कोलोडियनच्या काचेला निळा प्रकाश लगेच कळे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ कळत नसे. अजिंठ्याची चित्रे मुख्यतः गेरू आणि पिवळ्या मातीची. म्हणजे जे रंग भिंतीवर सर्वांत प्रभावी, ते काचेवर काळवंडून जात, आणि रंग म्हणून तर काहीच उतरत नसे. त्यामुळे गिल यांच्या दोन कामांची एक स्वाभाविक वाटणी झाली. लेण्यांचे स्तंभ, कमानी, मूर्ती काचेवर आल्या. रंग मात्र केवळ कॅनव्हासवर राहिले. या वाटणीला पुढे काय अर्थ येणार होता, हे दोनच वर्षांत दिसले.

लोखंड आणि काच यांच्या महालातील आग

गिल यांची तैलचित्रे आधी कंपनीच्या लंडनमधील संग्रहालयात होती. पुढे ती सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लोखंड आणि काच यांतून उभारलेला हा अवाढव्य प्रासाद नंतर हाइड पार्कमधून हलवून सिडनहॅमला पुन्हा उभा केला होता. त्याहून प्रशस्त आणि प्रतिष्ठित प्रदर्शनाची जागा त्या काळी दुसरी क्वचितच असेल. हजारो प्रेक्षक तेथे रोज येत. बांधकाम लोखंडाचे, म्हणून निर्धास्तपणाही होता.

३० डिसेंबर १८६६ रोजी या प्रासादाच्या उत्तरेकडील भागाला आग लागली. लोखंडी सांगाड्याच्या आत फळ्या, पडदे, सजावट, सारे जळण्यासारखेच होते. त्या आगीत अजिंठ्याची बहुतेक सर्व चित्रे भस्मसात झाली. जी तेथे मांडलेली नव्हती अशी चार-पाच तेवढी वाचली, आणि ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

दोन दशकांचे काम एका रात्रीत गेले. पण खरी हानी समजते ती पुढचा प्रश्न विचारल्यावर. या चित्रांच्या प्रती होत्या का? श्रीमती स्पायर यांच्या प्राचीन भारतीय जीवनावरील १८५६ च्या एका पुस्तकात त्यांपैकी काहींची छोटी रेखाटने छापली गेली होती. त्यापलीकडे रंगांसह त्यांची पद्धतशीर पुनर्निर्मिती कोणी केली नव्हती. कंपनीने चित्रकाराला वर्षानुवर्षे पगार दिला, कॅनव्हास आणि रंग पुरवले, पेट्या जहाजावर चढवल्या. त्या मानाने किरकोळ असलेला एक खर्च मात्र केला नाही. तो म्हणजे एकाच्या दहा करण्याचा.

याउलट १८६४ ची पुस्तके अनेक ग्रंथालयांत आणि अनेक घरांत विखुरली होती. त्यांची एक प्रत जळाली असती, दहा जळाल्या असत्या, तरी गिल यांची छायाचित्रे उरली असती, आणि ती उरलीच. दुर्दैव असे, की जी वाचली त्यांत रंग नव्हता आणि ज्यांत रंग होता ती जळाली. छायाचित्रांनी चित्रांची जागा भरून काढली, असे म्हणणे म्हणूनच खोटे ठरेल. त्यांनी अजिंठ्याचा देह वाचवला. वर्ण गेला तो गेलाच.

पुन्हा तीच चूक

आगीनंतरही गिल यांनी हा परिसर सोडला नाही. विलायतेत परतून पेन्शनीत उरलेले दिवस घालवण्याचा मार्ग त्यांच्यासारख्या अधिकाऱ्याला मोकळा होता. ते अजिंठ्यालाच राहिले. या मधल्या काळात मुंबईहून निघालेली रेल्वे खानदेश ओलांडून गेली होती, आणि भुसावळ हे मोठे रेल्वेगाव म्हणून वाढू लागले होते. अखेरच्या आजारात गिल खानदेशात उतरले ते परत न जाण्यासाठीच. १० एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि भुसावळला त्यांचा दफनविधी झाला.

त्याआधीच, १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती नव्याने करायला आरंभ केला होता. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्यांत होते. हे काम १८८५ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. तयार चित्रे पुन्हा लंडनला गेली, पुन्हा एकाच ठिकाणी ठेवली गेली आणि जून १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांपैकी अनेक नष्ट झाली. एकोणीस वर्षांत तीच चूक दुसऱ्यांदा घडली. फरक एवढाच, की या वेळी ग्रिफिथ्स यांनी उरलेल्या सामग्रीतून १८९६ आणि १८९७ साली दोन मोठे चित्रखंड प्रसिद्ध केले, आणि अजिंठ्याचा रंग पहिल्यांदा छापील रूपाने जगभर गेला. पुढे लेडी हेरिंगहॅम यांचा १९१५ चा ग्रंथ आणि हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून पंचवीस वर्षांत सिद्ध केलेले खंड यांनी हा वारसा विस्तारला. अलीकडच्या काळात बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकात अत्यंत मंद उजेडात घेतलेल्या रंगीत छायाचित्रांनी अंधारातले बारकावे दाखवले.

या इतिहासाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत काढताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासण्याची रीत तेव्हा होती. १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी भिंतींचा सुटणारा गिलावा सांधून मोठी कामगिरी केली. पण त्यांनीही लाखेचा लेप वापरला. हे लेप काळाबरोबर पिवळे आणि काळे पडत गेले, आणि ते उतरवण्याचे जिकिरीचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला पुढे दशकानुदशके करावे लागले. म्हणजे प्रतींनी मूळ वस्तूची किंमतही वसूल केली. तो लेप लावून मिळवलेल्या प्रती पुन्हा आगीत जाव्यात, यासारखा तोट्याचा व्यवहार दुसरा नाही.

पहिली प्रत आणि दुसरी प्रत

अर्थशास्त्राच्या भाषेत या चरित्राचा अर्थ थोडक्यात मांडता येतो. ज्ञानाच्या वस्तूची पहिली प्रत फार महाग असते. तिच्यासाठी गिल यांच्यासारख्याचे आयुष्य खर्ची पडते. दुसरी प्रत स्वस्त असते, शंभरावी त्याहून स्वस्त. पण पहिल्या प्रतीवर खर्च केल्याचे समारंभ होतात, तिच्यासाठी महाल बांधले जातात. दुसऱ्या प्रतीचा समारंभ होत नाही, म्हणून तिची तरतूदही होत नाही. जोखमीचा नियम मात्र समारंभ पाहत नाही. सारी पुंजी एका ठिकाणी ठेवली, की ठिकाण कितीही भक्कम असो, एक दिवस पुरेसा होतो.

धातूकडे याच दृष्टीने पाहिले, तर त्याची दोन रूपे दिसतात. एक डागेरच्या पत्र्याचे. ते स्वतःच अंतिम चित्र असते आणि त्याच्याबरोबरच संपते. दुसरे रूप छापखान्यातले. छायाचित्राची शाईची प्रत जस्ताच्या पत्र्यावर उतरवून नकाशे छापण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याचे नाव जुन्या नकाशांच्या तळाशी आजही वाचायला मिळते. त्यानंतर जाळीतून चित्र ठिपक्यांत फोडून तांब्या-जस्तावर आम्लाने कोरलेले ब्लॉक आले, आणि मराठी मासिकांत व वृत्तपत्रांत छायाचित्रे दिसू लागली. आजही ऑफसेट यंत्रावर वृत्तपत्राचे पान आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरते आणि मग कागदावर. हा पत्रा भिंतीवर कोणी टांगत नाही. काम झाले की तो मोडीत जातो. पण त्याने हजारो प्रती जन्माला घातलेल्या असतात. टिकण्याच्या शर्यतीत शोभेच्या पत्र्यापेक्षा हा मोडीत जाणारा पत्राच पुढे असतो.

खानदेशाला हे शिकवायला बाहेरून कोणी यायला नको होते. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते जमवली आणि त्यांतील वाङ्मय छापून काढले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावचे दफ्तर धुंडाळले. परंतु त्यांची थोरवी कागद जमवण्यात जितकी, तितकीच मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापण्यात आहे. मूळ कागद एखादे वेळी गहाळ झाला, तरी त्याचा मजकूर महाराष्ट्रातील ग्रंथालयांत राहिला. चाळीसगावला केकी मूस यांनी आपल्या घरात बसून छायाचित्रांचे एक विश्व निर्माण केले. १९८९ साली त्यांच्या निधनानंतर ते घरच कलादालन म्हणून जपले गेले. असा संग्रह जपणे मोठे काम आहे. आणि कोणत्याही संग्रहाबाबत पुढचा प्रश्न हाच, की त्याच्या प्रती आणखी किती ठिकाणी आहेत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुन्या शाळांची, सूतगिरण्यांची, सभांची, कुटुंबांची हजारो छायाचित्रे असतील. काही काचेवर, काही फिल्मवर, काही भिंतीवरच्या चौकटीत. सुवर्णमहोत्सव आला की संस्था त्यांतील एखादे निवडते, मोठे करून धातूच्या पत्र्यावर छापते आणि प्रवेशद्वाराशी लावते. त्यात वावगे काही नाही. चित्र पाहण्यासाठीच असते. परंतु त्या पत्र्याच्या खर्चाच्या अल्प भागात मूळ चित्राच्या उत्तम प्रती काढून त्या शाळेच्या कपाटात, तालुक्याच्या ग्रंथालयात, महाविद्यालयाच्या इतिहास विभागात आणि संगणकावरील दोन वेगळ्या जागी ठेवता येतात. प्रत्येक प्रतीच्या पाठीमागे ठिकाण, वर्ष आणि चित्रातील माणसांची नावे लिहिता येतात. कारण नावाशिवायचे चित्र उरले तरी त्यातली माणसे हरवलेलीच असतात. हे काम विद्यार्थी करू शकतात. त्याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

अजिंठ्याची लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि जळगाव स्वतःला त्यांचे प्रवेशद्वार म्हणवते. ज्या भिंतींसाठी गिल यांनी आयुष्य वेचले, त्या भिंतींवरचे रंग आजही माणसाच्या श्वासाने, ओलाव्याने आणि काळाने थोडे थोडे कमी होत आहेत. प्रत्येक पिढीला त्यांची नवी नोंद करावी लागणार आहे. ती करताना केवळ कोठे मांडायची एवढेच ठरवून चालणार नाही, किती ठिकाणी ठेवायची हेही आधीच ठरवावे लागेल. भुसावळच्या कबरीपाशी वर्षातून एकदा फुले वाहण्यापेक्षा, खानदेशातील शाळांच्या ग्रंथालयांत अजिंठ्याच्या चित्रांचा एक तरी चांगला संच ठेवला गेला, तर मेजर गिल यांचे ऋण अधिक योग्य रीतीने फिटेल.